दहापर्यंत मोजा

रविवारी फतेगंजला वर्ग होता.
हजेरीवर सह्या, गळ्यात नावाची पट्टी:
मोहितेबेन, सरकारी दवाखाना, नोकरी वर्षं सव्वीस.
सहा तासांचे सहा गुण,
भरले नाहीत तर मार्चात साहेबांचं पत्र.
मी मागच्या रांगेत, पंख्याखाली,
सेव-उसळ कधी येते याकडे नाक लावून.

शिकवायला झंखना. वय असेल एकोणतीस,
माझ्या नोकरीपेक्षा तीन वर्षांनी मोठी.
पडद्यावर तिनं एक ओळ टाकली:
वाईट बातमी सांगून झाली की
गप्प बसा. दहापर्यंत मोजा.

मला हसू आलं.
आमच्या वॉर्डात दहा मोजायला वेळ कुणाला?
तलाठ्याचा दाखला, रेशनकार्डाच्या दोन झेरॉक्स,
खिडकी नंबर चार जेवणाआधी बंद होते,
एवढं सगळं मी एका दमात सांगते
बातमीच्या पाठोपाठ,
उलटीवर घाईनं माती टाकावी तसं.

मग जोड्या लावल्या.
एकानं सांगायचं, एकानं ऐकायचं.
माझ्यासमोर गोत्रीच्या दवाखान्यातला धैवत, पहिलीच नोकरी.
म्हणाला, "बेन, तुमच्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या..."
खोटंच होतं. मिस्टर घरी
कूलरमध्ये पाणी भरत होते.
तरी माझी बोटं पर्सच्या चेनवर गेली
आणि तो थांबला नाही.
लगेच योजनेचं कार्ड, लगेच दोन झेरॉक्स,
लगेच खिडकी.
माझंच बोलणं. माझ्याच वेगात.
दोन वर्षांपूर्वी सहा महिने
तो माझ्याच टेबलाशी शिकला होता.

जेवणात सेव-उसळ होती. तिखट लागली नाही.

लीली राठवा आठवली. कवांटची.
दोन हजार आठ, की नऊ.
मी फॉर्मवर तिचा अंगठा घेतला
आणि ती निळं बोट माझ्यासमोर धरून विचारत राहिली,
"हे कधी जाईल?"
मी म्हटलं, साबणानं.
ती शाईबद्दल विचारत नव्हती बहुतेक.

सोमवारी भाईलाल आला, डेसरचा.
आठवड्यातून तीनदा मशीन, आता कायमचं,
हे मी त्याला गुजरातीत सांगितलं
आणि तोंड मिटलं.

दिवसभर गुजराती बोलते मी, स्वप्नंही अर्धी त्यातच,
पण मोजायला लागलं की मराठीच येतं.
एक. बाहेर लिफ्टचं दार.
दोन. त्याच्या चपलेला तारेनं बांधलेला अंगठा.
तीन, चार. माझी जीभ
टाळूला चिकटून झेरॉक्स झेरॉक्स म्हणते आहे.
पाच.
सहा. तो कॅलेंडरकडे बघतो, पण तारखेकडे नाही.
सात. सात दोन्ही भाषांत सातच.
"भेंस कोण दोहशे?"

सव्वीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
किंवा विचारायला मी जागा ठेवली नव्हती.

मग आम्ही म्हशीबद्दल बोललो, चांगली वीस मिनिटं.
रांग वाढली, शिपाई दोनदा डोकावून गेला.
ती म्हणे दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.
बायकोलाही नाही.
त्याचा शर्ट घालून भाऊ बसला तर कदाचित.
हे म्हणताना तो हसला
आणि हसताना त्याचं तोंड वाकडं झालं.
मी तेव्हाही काही बोलले नाही.
खिडकी नंबर चार बंद झाली होती.

प्रमाणपत्र टपालानं आलं. सहा तास, गोल शिक्का.
फाइलीत लावलं.
धैवतला फोन करायचाय.
नंबर दोनदा काढून ठेवला,
काय सांगायचं ते जुळत नाही.

केसपेपरवर शेवटी 'इतर' असा एक रकाना असतो.
इतकी वर्षं मी त्यात आडवी रेघ मारत आले.
भाईलालच्या कागदावर लिहिलं:
म्हैस एक. पहाटे साडेचार. शर्ट.
भावाचं नाव विचारायचं राहिलं.