सभेचं इतिवृत्त

स्थळ: देवळाचा सभामंडप. हजर: सहा,
त्यात शाळेचा शिपाई धरला.
मंडळाची शिल्लक चारशे दहा रुपये
आणि गेल्या सालची सिमेंटची थैली,
पावसानं तिचा आयता दगड झालेला.
उकंडा पाथरवट तिच्यावरच बसतात.

विषय पहिला: उत्तरेची भिंत.
सरपंच म्हणाले, गिलावा करू, ऑइलपेंट मारू.
उकंडा उठले. भिंतीला कान लावला,
हातोडीनं हळूच विचारलं.
एक दगड खणखणला, शेजारचाही,
तिसरा बद्द बोलला.
“हा एकटाच बिमार हाय.
बाकीच्यायले काहून औषध पाजता?”

चुना नाही, माती नाही,
खाच-खुंटीच्या भरवशावर इतकी शतकं—
“दगडाले दगड धरते, गुरुजी.
मंदात कोनी लागत नाई.”

विषय दुसरा: शिकणारी पोरं.
एकच आली. करिष्मा मडावी, आठवी ब.
छिन्नी उलटी धरली.
उकंडा हसले नाहीत,
तिचा अंगठा फक्त
दोन बोटं खाली सरकवला.

ठराव लिहायला घेतला, तर बाहेरून
ठण्, ठण्,
मग एक चुकार ठक्,
मग बराच वेळ काही नाही,
मग ठण्.

सूचक, अनुमोदक
या जागा कोऱ्याच ठेवल्या आहेत.