दोन कट्टे

मे महिन्यात दुपारी तीनला
सावल्या एकदम निळ्या पडल्या
की अम्मा मांडीवरचं सूप खाली ठेवते.

आधी पानं. ओल्या फडक्यातली, कापलेली,
डब्यात. तंबाखू प्लास्टिकमध्ये.
भिजली तर छाट पडते,
आभाळाचं कारण कारखान्यात चालत नाही.
मग टीव्हीची वायर, फॅनची, माझा चार्जर,
सगळं उपटून.
घागर अर्धी भरलेली असली तरी नळ सोडायचा.
पत्र्यावरचे दगड सकाळीच बघून झालेत.
तारेवर कारखान्याचे टॉवेल आहेत, बारा.
असू देत, ती म्हणते.
असू देत गं.
मी तिसऱ्यांदा दाराकडे बघते तेव्हा
नुसती बघते.

नायनाला गडगडाट ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं लूमवर,
चादरीमागून चादर, खटखट,
शेवटी कानांनी राजीनामा दिला.
त्याला वीज दिसते तेवढी,
मुकी, लग्नातल्या कॅमेऱ्यासारखी.
म्हणून उंबऱ्यात उभा राहून हसतो,
टॉवेल आणतो की मी, म्हणतो.

अम्मा मागून त्याचा शर्ट धरते.
होटगीकडे चमकलं
की त्याच्या पाठीवर बोटाने मोजते,
ओकटी, रेंडू, मूडू,
विड्या मोजतो तशा, तेलुगूत.
तिसाच्या आत आवाज आला की आत यायचं.
आज बोट सातावर थांबलं.

मग वारा. मग गारा.
टॉवेल गेले, एक चिलवेरींच्या टाकीवर,
बाकीचे कुणाच्या नशिबात होते कोण जाणे.
लाइट गेली.
कोपऱ्यावरच्या लिंबाखाली
श्रीशैल गाडी लावून उभा.
अम्मा खिडकीतून ओरडली,
ए, झाडाखाली नको! हिकडं ये!
तो आला, ओलाचिंब, गाडी तिथंच टाकून,
आणि खोलीच्या मधोमध पोत्यावर बसला
पाहुण्यासारखा, गुडघे जवळ घेऊन.
चहा नाही दिला कुणी त्याला.

पाऊस थांबला.
श्रीशैल उठला. मी उठले.
नायनाने तर चपलासुद्धा घातल्या.
अम्माने दोन बोटं वर केली.
दोन कट्टे.
शेवटच्या गडगडाटानंतर
पंचवीस-पंचवीसचे दोन कट्टे होईस्तोवर
दार उघडायचं नाही.
राजव्वाक्का, ऊन पडलंय की, श्रीशैल म्हणाला.
ती मेणबत्तीशी सूप ओढून वळत राहिली.
पडू दे.

चाळीस झाल्या. एक्केचाळीस.
लांब, अक्कलकोटच्या अंगाला,
काहीतरी हललं असावं.
मला ऐकू आलं नाही, श्रीशैललाही.
नायना सुपाच्या काठावर तळहात टेकून बसला होता.
तंबाखू थरारली की तिचे हात थांबले,
त्याला काय कळलं ते त्यालाच ठाऊक.
त्याने चपला काढल्या,
भिंतीपासून जरा सरकून बसला,
आणि तिच्या पाठीवर एक बोट टेकवून
म्हणाला,
ओकटी.