ओळंबा

वादळानंतरही कोर्लईच्या देवळाची उत्तरेची भिंत
उभी होती, म्हणून आम्ही तिला वाचलेली समजलो.
इनास गवंड्याने ओळंबा सोडला.
दोरी स्थिर होईपर्यंत कुणी बोललं नाही.
वर बोटभर फट, खाली वीतभर.
"वादलाचं काम नाय हां, फादर.
बांधली तवाच कलली व्हती."

तकोवाच्या गुराख्याने हेच पाहिलं होतं:
भिंत, दोरी, दोरी धरलेला हात.
रविवारी मी त्यावरच बोललो होतो, न्यायावर,
मूठ आपटत, याच भिंतीकडे पाठ करून.

पाडली. चिरा चिरा सुटा केला.
चुन्यात शिंपले निघाले, कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा.
रेवदंड्याहून हसाजीकाका बघायला आले.
"पडका मांडव तो पुन्हा उभारणार, तो आमचा," म्हणाले,
"आम्ही अजून वाट बघतोय."
मला तो उभा दिसतो, तिसऱ्या दिवसापासून.
म्हटलं नाही. चहा दिला.

संध्याकाळी वारा पडला.
विसरलेला ओळंबा वाशाला सरळ लोंबत होता,
कुणालाही दोष न देता.
दोरी ज्याच्या हातात
तोच एका दुपारी असा टांगला गेला,
आमच्या कललेल्या गावाच्या मधोमध.

सवयीने पाठ टेकायला गेलो.
मागे भिंत नव्हती,
खाडी होती.