रास्त झीज

ऊना गन बाई गाडी घेऊन आल्या मंगळवारी,
ती कंपनीला परत जायला आठ दिवस उरले असताना.
कलम नववं : परत करण्याआधी
ठरलेली प्रत्येक सर्व्हिस झालेली हवी,
मैल भरोत की वर्षं, जे आधी भरेल ते.
वर्षं भरली होती.

तीस हजारांची मुभा. घड्याळात चार हजार एकशे बारा.
मी काच पुसून पुन्हा बघितलं.

विकमधल्या सगळ्याच गाड्या समुद्राचं मीठ खातात,
पण हिच्या ब्रेकच्या चकत्यांवरचा गंज
उभं राहून चढलेला होता.
चालत्या गाडीला गंज धरायला सवड मिळत नाही.
तळाचा नट सैल केला तर
कोऱ्या चहाच्या रंगाचं तेल उतरलं,
दोन वर्षांचं, आणि त्याला जगातलं काहीही ठाऊक नव्हतं.

"इतकं चांगलं आहे, मग बदलता कशाला?"
बाई दारातूनच म्हणाल्या.
"वय झालंय त्याचं," मी म्हटलं,
आणि जीभ चावली.

समोरच्या कप्प्यात नकाशा होता, घडीवर फाटलेला,
त्यावर लाल पेन्सिलीचे अकरा गोल.
दोघी बहिणींनी मिळून घेतली होती गाडी, फिरायला म्हणून.
पहिल्याच फेरीत बेरीडेलच्या वळणांवर
एफीला गाडी लागली.
कोटाच्या बाहीवर, पर्समध्ये, सगळीकडे.
"पुन्हा नाही," एफी म्हणाली,
आणि एफी म्हणाली की ते तसंच असतं.
मग गाडीला तीनच रस्ते पाठ झाले :
किराणा, डॉक्टर, रविवारी चर्च.

मी फिल्टर बदलले, ब्रेकचं पाणी बदललं,
चाकांत हवा भरली, वायपरला नवं रबर.
वहीत शिक्का मारला आणि तोंडातून निघून गेलं :
"पंचवीस हजार आठशे अठ्ठ्याऐंशी मैल शिल्लक आहेत तुमचे."
"त्याचे पैसे मिळतात परत?"
"नाही."
"आणि मैल?"
हिला काय उत्तर द्यायचं, सांगा.

बाईंचं घर डावीकडे, बंदराच्या अंगाला.
फाटकाशी थांबून त्यांनी दिवा दिला
उजवीकडचा.
मला वाटलं, सवयीने चुकला असेल हात.

पुढच्या बुधवारी फोन, कंपनीच्या तपासनिसाचा, रूअरी नावाचा,
इन्व्हरनेसहून आलेला कोवळा पोरगा.
शिक्क्यात चार हजार एकशे बारा, घड्याळात पाच हजार तीनशे नव्वद.
"तुमचा आकडा चुकलाय का?"
"नाही," मी म्हटलं, "माझा नाही चुकला."

त्याच्यापाशी एक पारदर्शक पट्टी असते,
पंचवीस मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा म्हणजे रास्त झीज,
वर गेला की पैसे.
मागच्या दारावर अकरा सेंटिमीटर, काटेरी झुडपाचा.
पायाखाली वाळू, दोन रंगांची.
आणि मागच्या सीटवर, तो म्हणाला,
आलेपाकाच्या वड्यांचे कागद,
"मी मोजायचं सोडून दिलं."

"बिल बघून काय म्हणाल्या?"
"चष्मा लावून वाचलं. मग म्हणाल्या,
रास्त नसली तरी चालेल, झीज आमची आहे."

"आणखी एक," रूअरी म्हणाला,
"टाकी काठोकाठ भरलेली आहे.
करारात असं कुठेच लिहिलेलं नाही."
मी त्याला एवढंच सांगितलं की
उसनं आणलेलं भांडं कुणी रिकामं परत करत नाही.
तो "बरं" म्हणाला. लिहून घेतलं की नाही, माहीत नाही.

त्यांचं जुनं तेल मी अजून फेकलं नव्हतं.
संध्याकाळी गाळून माझ्या व्हॅनमध्ये ओतलं.
व्हॅनचे दोन लाख मैल झालेत,
सगळे विक ते थर्सो.