दुसऱ्या रोगाची गोळी

चिठ्ठी वाचून जोईल मेडिकलवाल्याने
माझ्या पायाकडे पाहिलं.
"ही तुका कित्याक, जयवंता?"
आवाज इतका खाली,
की दुकानातल्या सगळ्यांना ऐकू गेला.

महारोगाची गोळी.
तारामुंबरीत ती याआधी आली होती बाबी कुबलासाठी.
तो बरा झाला. त्याची होडी मात्र
कुणी विकतसुद्धा घेतली नाही.
वाळूवर बसून बसून तिच्यात अळू उगवलं.

माझं दुखणं आतड्याचं. सात वर्षं
रक्त पडतं, थांबतं, परत पडतं.
शिमग्यात त्याने वाट बदलली:
नडगीवर फोड, काडेपेटीच्या गुलाएवढा,
आठ दिवसांत बशीएवढा,
कडा पिकल्या रातांब्यासारख्या.
इथल्या डॉक्टरने कापून साफ केला,
तर कापलं तिथून पुढे पसरला.

कोल्हापूरच्या मुजावर मॅडमनी
हात मागे घेऊन नुसतं बघितलं.
"याला सुरी लावायची नाही. जंतू नाहीच हा.
पोटातलं भांडण पायावर आलंय."
नव्या इंजेक्शनची किंमत सांगितली.
तेवढ्यात जुनं इंजिन येतं, गिअरबॉक्ससकट.
मग म्हणाल्या, "एक जुनी गोळी आहे,
दुसऱ्याच रोगासाठी केलेली.
काहींना लागू पडते. शब्द देत नाही."
आधी रक्ताची एक तपासणी,
जिचं नाव अजून माझ्या जिभेवर बसत नाही.
आणि ओठ निळे दिसले
तर रात्री-अपरात्री फोन.

मी ट्रकची इंजिनं होडीत बसवतो.
घाट चढायला केलेलं यंत्र
गोपाळगडाच्या पुढे खोल पाण्यात चालतं;
मासे त्याला विचारत नाहीत,
तू डोंगरातला ना?

माणसं विचारतात.
चहाच्या टपरीवर माझा ग्लास
आता वेगळा विसळतात.
सांगून बघितलं एकदा. आतडं म्हटल्यावर
त्यांना आणखीच किळस आली.

सकाळी दात घासताना
बायको माझे ओठ बघते.
पट्टी सोडताना फूटपट्टी धरते,
फोटो मॅडमना पाठवते.
गेल्या सोमवारपेक्षा चार रेघा कमी.
तीनच असतील. तिचा हात हलतो.

काल संध्याकाळी
बाबीच्या होडीतलं अळू उपटलं.
हातोडीने फळ्या वाजवून पाहिल्या.
तीन कुजल्यात.
बाकीच्या टणक बोलतात.