नमुना क्रमांक सात

हिप्परग्याच्या तळ्याकडेला रानतुळस माजली होती,
कंबरेइतकी, चिकट, जांभळ्या तुऱ्यांची.
हाताला असा वास बसला की
एसटीतली बाई आधी सरकली,
मग म्हणाली, डासांना चांगली असते ही.
म्हटलं, किती चांगली, तेच बघायचंय.

बोचकं कुंभारीला आणलं.
पाला सावलीत वाळवावा, देठ वेगळे करावेत,
असं वहीत होतं. मला झोप लागली.
अम्मानं विड्यांचं सूप बाजूला सारलं
आणि रात्रीतून सगळा पाला खुडून ठेवला,
पान न् पान, तुकडा न पाडता.

तीनशे ग्रॅम पाला, तीन लिटर पाणी,
क्लेव्हेंजरची काच, चार तास.
दोनदा वीज गेली.
ऑक्टोबरचं सोलापूर, नळालाच कढत पाणी,
कंडेन्सरसाठी बर्फाची लादी विकत आणली, रिक्षानं,
निम्मी वाटेतच वितळली.
शेवटी पाण्यावर पिवळसर रेघ.
पाऊण मिली.

पुण्याहून आलेख आला.
सॅबिनिन. युकॅलिप्टॉल, सगळ्यात उंच.
आणि कॅरिओफायलिनच्या जरा अलीकडे
एक बारकं टोक, पॉइंट तीन टक्के,
ज्याचं नाव यंत्रानं न अडखळता सांगितलं:
निकोटिन.

हत्तुरे मॅडमनी चष्मा काढला.
रानतुळशीत हे नसतं, श्रीलता.
पाल्याला कुणी हात लावला होता?

मी काचेकडे बघत राहिले.

नमुना बाद. परत तोड. हातमोजे घाल.

बरोबरच आहे. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

घरी अम्मा छाट मोजत होती.
कारखान्यात आज साठ विड्या बाजूला काढल्या,
पानाला भोक म्हणे, तोंड नीट मुडपलं नाही म्हणे.
पानंच तसली देतात, ती म्हणाली, बोटं काय करतील.
मग विचारलं, निघालं का तेल?
निघालं.
औषध आहे त्यात?
आहे, म्हटलं, बरंच आहे.

आठवा नमुना शुद्ध निघाला.
प्रबंधात तोच आहे, पान त्र्याण्णव.

सातची कुपी फेकायची राहून गेली.
आमच्याच फ्रिजमध्ये आहे, दाराच्या कप्प्यात,
लेबलवर तारीख, गाव, संकलक म्हणून माझं नाव.
बूच सैल झालंय. दह्याला वास येतो.
अम्मा रोज कुरकुरते,
हे तुझं काय ते काढ बाई इथून.