वेलांटी आधी

सोमवारी मल्लिनाथ म्हणाला, झालं मॅडम, नवीन बसवलं.
मी साखर पेठेतल्या आमच्या विणकर सोसायटीचं
सत्तावीस वर्षांचं सभासद रजिस्टर उघडलं,
तर आत
डोक्यावर दोन-दोन ठिपके घेतलेले परके स्वर,
पाउंडाचं चिन्ह, उलटं प्रश्नचिन्ह,
मागावर कुणी मांजर सोडल्यासारखं.

जुना फाँट एका डोंगलवर चालायचा.
काडेपेटीएवढा, मशीनच्या पाठीत खुपसलेला.
नव्या मशीनला तसलं भोकच नाही.
मल्लिनाथनं तो फिरवून फिरवून बघितला,
दुसऱ्याच्या घराची किल्ली बघावी तसा.
कंपनी पुण्यात होती.
फोन लावला, तर तिथं आता दाताचा दवाखाना आहे.

शेजारच्या कारखान्यातले गाजूल मास्तर
चहाला आले. म्हणाले,
आमच्या चादरीवरचा मोर
वडलांनी पुठ्ठ्यावर पाडलाय, जकार्डच्या.
भोक पाडलं की पाडलं. त्याला अपडेट येत नाही.
मग बशी खाली ठेवून,
उंदीर येतात पण.

त्यातच राजव्वा इराबत्ती आल्या,
वारलेल्या नवऱ्याच्या शेअरचे पैसे मागायला.
विड्यांचं सूप काउंटरखाली ठेवलं,
नाव सांगितलं: नर्सय्या लिंगय्या.
मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. चुकलंच माझं.
काय दाखवलालंय हे ओ मॅडम?
आमच्या तेलुगूत पण असलं अक्षर नसतंय.

रात्री भाकरी थापताना
बोटं परातीच्या कडेवर आपोआप चालायला लागली.
न. स. वर रफार. अर्धा य, पूर्ण य, काना.
डोक्याला माहीत नव्हतं ते
बोटांना पाठ होतं.

मंगळवारी मल्लिनाथला म्हटलं, तू लिही, मी वाचते.
हा ठिपकेवाला ओ म्हणजे न.
हा शेपटीवाला, स.
पाउंड म्हणजे य, पण आधी एक अर्धा य आहे, विसरू नको.
तो स्क्रीनकडे बघायचा सोडून माझ्याकडे बघायला लागला.
त्याला काय सांगू,
सत्त्याण्णवच्या मे महिन्यात, मानेवर ओला टॉवेल टाकून
एकेक माणूस मीच आत नेऊन बसवलाय.

त्या तक्त्यावरून त्यानं कन्व्हर्टर लिहिला.
सकाळी चार हजार एकशे सहा जण मराठीत परत.
फक्त रफार एक घर पुढं सरकलेले,
नर्सय्याचा झाला नसर्य्या.
आणि माझ्याच आडनावातली, बिराजदारमधली वेलांटी
ठिपक्यांच्या एका गोलाला लटकलेली,
ब कुठं पुढं निघून गेलेला.

जुन्यात वेलांटी आधी दाबायची, मग अक्षर.
डोळ्याला दिसते तशी.
नव्यात अक्षर आधी. ऐकू येतं तसं, मल्लिनाथ म्हणाला.
पोरगं चुकीचं बोलत नाही.
पण माझं बोट अजून आधी तिकडंच जातं,
आणि ती उभी राहते तिथं, गोलाला धरून,
उशिरा येणाऱ्या अक्षराची वाट बघत.

रफार आता आम्ही हातानं सरकवतोय.
एकटे नर्सय्याच तीनशे अकरा निघाले.
राजव्वांना पत्र मिळालं, तेलुगूत सही करून गेल्या.
जुनं मशीन कोपऱ्यात,
डाग पडलेल्या सेकंडच्या चादरीखाली.
मोराची मान नेमकी त्याच्या बटणावर येते.

एक नाव राहिलंय. दोन हजार दोनशे अठरा.
मलाही लागत नाही ते.
त्या दिवशी मी रजेवर असेन, दुसऱ्याच कुणाची बोटं असतील.
मल्लिनाथ म्हणतो, रिकामं सोडू.
नाही म्हटलं.
ठिपक्यांसकट, पाउंडासकट तसंच ठेवलंय,
समोर शेअर, दहा रुपये.
कुणी आलंच विचारत,
तर आधी त्यालाच नाव विचारीन.